विद्यापीठाच्या माध्यम कक्षात डिझाइन शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर विद्यापीठाच्या माध्यम कक्षात डिझाइनचं काम करायला दरवर्षी नवी मुलं-मुली येतात. कुणी सांगोल्याहून एसटीने ये-जा करतं, कुणी बाळ्यात खोली घेऊन राहतं. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. मी या मुलांबरोबर रोज बसून काम करते. त्यामुळे काही उत्तरांत कार्यालयाच्या पद्धतीपेक्षा माझं मत जास्त दिसेल, आणि ते मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

माध्यम कक्षात विद्यार्थी डिझायनर नेमकं काय करतात?

व्याख्यानाचं पोस्टर, युवा महोत्सवाचं बोधचिन्ह, दीक्षांत समारंभाची निमंत्रणपत्रिका, प्रवेशाच्या माहितीपत्रकाची मांडणी, जयंती-पुण्यतिथीच्या पोस्ट, ओळखपत्रं, आवारातल्या दिशादर्शक पाट्या, व्हिडिओचे थंबनेल. विद्यापीठाला लोकांना जे जे सांगायचं असतं, ते डोळ्यांना दिसेल असं करणं हे आमचं काम.

मग वर्गातल्या असाइनमेंटपेक्षा हे वेगळं कसं?

वर्गातलं पोस्टर सर बघतात आणि गुण देतात. त्यांना विषय आधीच माहीत असतो, तारीख कुठे लिहिली आहे ते ते शोधून काढतात. इथलं पोस्टर मंगळवेढ्याच्या एखाद्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागतं. तासाला जाता जाता एक मुलगी उभ्या उभ्या ते बघते आणि तेवढ्यात ठरवते, जायचं की नाही. "अगं, वेळ खाली उजव्या कोपऱ्यात दिलीय बघ" हे तिला सांगायला आपण तिथे नसतो. तिला जे दिसलं नाही ते आपण लिहिलंच नव्हतं, असं धरायचं.

डिझाइन शिकणाऱ्या मुलाला असा खरा वाचक मिळणं ही माध्यम कक्षाने द्यायची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर यूट्यूबवर बघूनही येतं. आपलं पोस्टर न वाचता पुढे गेलेला माणूस मात्र डोळ्यांनी बघावाच लागतो. म्हणून कुठलंही पोस्टर लागलं की ते करणाऱ्याला मी तिथे उभं राहायला पाठवते. लोक किती अंतरावर थांबतात, पहिली नजर कुठे जाते, फोटो कशाचा काढून घेतात हे बघून आलं की पुढच्या पोस्टरमध्ये फरक पडलेला दिसतो.

मी बी.कॉम.ला आहे. डिझाइनचा कुठलाही कोर्स केलेला नाही. चालेल?

चालेल. जनसंज्ञापन किंवा फाइन आर्टची मुलं येतात, तशी वाणिज्य आणि विज्ञानाचीही येतात. आकडेवारीचा तक्ता वाणिज्यच्या मुलाला नीट कळतो, म्हणून वार्षिक अहवालाच्या मांडणीत त्याचाच जास्त उपयोग होतो.

चित्रकला चांगली असावी लागते का?

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर हात बसलेला असतो, तेवढा फायदा. नसेल दिली तरी अडत नाही. पण विचार कागदावर पेन्सिलीने करता आला पाहिजे. पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत वेड्यावाकड्या रेघा मारून "इथे शीर्षक, इथे फोटो, इथे तारीख" एवढं दाखवता आलं की झालं. थेट स्क्रीनसमोर बसलेलं मूल रंग आणि सावल्यांत तासभर रमतं, आणि मांडणी होती तिथेच राहते.

माझ्याकडे लॅपटॉप नाही. मोबाइलवर काम होईल का?

कक्षातले संगणक वापरा. घरी सराव करायला इंकस्केप, गिंप, क्रिता आणि स्क्राइबस ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि साध्या संगणकावरही चालतात. मोबाइलवर पोस्ट होतात, छपाईची फाइल नीट होत नाही. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून घेऊ नका. त्याबरोबर येणारे व्हायरस पेनड्राइव्हवरून सगळ्यांच्या संगणकात जातात.

पहिलं काम कुठलं देता?

ठरलेलं असं नाही. पण हिवाळ्यात येणाऱ्यांना मी १२ जानेवारीचं काम देते, कारण सोलापुरात या दिवसासारखा दुसरा धडा नाही.

त्या दिवशी राजमाता जिजाऊंची जयंती असते. स्वामी विवेकानंदांचीही जयंती असते आणि ती राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळतात. आणि त्याच तारखेला, १९३१ साली, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९३० मध्ये, इंग्रज सरकारने सोलापुरात मार्शल लॉ लावला होता. शिवाय संक्रांत तोंडावर आलेली असते, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची लगबग शहरभर.

विद्यार्थ्याला सांगायचं: या दिवसाच्या पोस्ट तूच ठरव. एक करायची की तीन?

बहुतेक जण आधी एकच करतात. त्यात जिजाऊ, विवेकानंद, चार हुतात्मे, मागे तिरंगा, एका कोपऱ्यात फाशीचा दोर. मग मी ती मोबाइलवर दाखवते, हातभर लांबून. कुणाचाच चेहरा ओळखू येत नाही. तिथून चर्चा सुरू होते. जयंती आणि हौतात्म्य यांचा भाव एक नाही, मग रंग एक कसा चालेल? विवेकानंद देशभरात सगळेच देणार, चार हुतात्मे सोलापूरकरांनी नाही दिले तर कोण देणार?

पुढे खरी कसोटी लागते ती चार नावांची. "मल्लप्पा धनशेट्टी" लांब आहे, "जगन्नाथ शिंदे" त्यापेक्षा आखूड. चारही नावं समान रुंदीच्या चौकटींत बसवायची म्हणून पहिलं नाव बारीक करायचा मोह होतो. एका विद्यार्थिनीने तसं केलं, मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, यांचं नाव लहान झालं." तिने चौकटी काढून टाकल्या, चारही नावं एकाखाली एक, एकाच आकारात आणि एकाच जाडीत डावीकडून लावली. ओळी लांब-आखूड राहिल्या, पण चौघेही बरोबरीने उभे राहिले. तिने पुढे काही सजावट केली नाही, आणि लागतही नव्हती. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चार हुतात्मा चौकात जाऊन पुतळे बघून यायला सांगते.

मराठी फाँटबद्दल एवढा आग्रह कशासाठी? अक्षर सुंदर दिसलं की झालं ना?

झालं नाही. आमच्याकडच्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डीटीपीच्या दुकानांत अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर जुळवलेला असतो. त्यात संगणकाच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्यावर मराठी आकार चढवलेला असतो. तो मजकूर व्हॉट्सअॅपवर किंवा संकेतस्थळावर टाकला की चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतो, आणि गूगलवर शोधून तो कधीच सापडत नाही. युनिकोडमध्ये "क" हा सगळीकडे "क"च राहतो. म्हणून विभागांकडून आलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलायचा आणि बदलल्यावर ओळ न् ओळ वाचायची, कारण रूपांतरात जोडाक्षरं गळतात.

दुसरं, सॉफ्टवेअरचं. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडावा लागतो. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो. तो नसेल तर "विद्यार्थी" या शब्दातली पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि "द्य" तुटतो. गावोगावच्या बोर्डांवर असं तुटलेलं "विद्यार्थी" तुम्ही पाहिलं असेलच. विद्यापीठाच्या बोर्डावर तरी ते दिसू नये.

तिसरं, मराठीचं वळण. आपले "ल" आणि "श" हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. नोटोसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी अशी लावली की आपली अक्षरं येतात. "टिरो देवनागरी मराठी" तर मराठीसाठीच केलेला आहे. "दुसऱ्या", "दऱ्या" यांतला अर्धा र नीट बघा. काही फाँटमध्ये तो रफार होऊन य-वर चढतो आणि "दुसर्या" असं काहीतरी होतं. सोलापुरात "वाऱ्या" आणि "वारकऱ्यांसाठी" हे शब्द दर आषाढीला लागतात, तेव्हा ही चूक लपत नाही.

चौथं, जागा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो. इंग्रजीइतकं ओळींतलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेघ तुटते. इंग्रजी शीर्षकाला मोकळी अक्षरं छान दिसतात म्हणून मराठीलाही तसंच करणारे पुष्कळ आहेत. शीर्षक मोकळं हवं असेल तर शब्दांभोवती जागा सोडा.

विंडोजमध्ये वर्षानुवर्षं येणारा "मंगल" र. कृ. जोशी यांनी रेखला. ते कॅलिग्राफर होते आणि आयआयटी मुंबईत शिकवतही होते. आज मुक्ता, बलू, हिंद, पॉपिन्स असे कितीतरी चांगले देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. आपल्या लिपीसाठी एवढं काम झालेलं असताना ते आपण वापरलं पाहिजे.

सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे पुष्कळ आहेत. त्या भाषांतही काम असतं का?

असतं, आणि मला ते जास्त व्हायला हवं आहे. पूर्व भागात विणकरांच्या घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शहरातल्या कित्येक मोहल्ल्यांत उर्दू. मुलगी मराठी माध्यमात शिकली तरी प्रवेशाचं पत्रक घरी आजीच्या हातात पडतं. तिलाही ते वाचता आलं तर बिघडलं कुठे?

चार लिप्या एका पानावर बसवताना अक्षराच्या आकाराचा आकडा सारखा ठेवून भागत नाही. तेलुगू-कन्नडला शिरोरेघ नाही, अक्षरं गोल आणि पसरट. मराठीइतक्याच पॉइंटमध्ये ठेवली तरी ती कधी मोठी तर कधी फिकट दिसतात. आकार डोळ्याने जुळवायचा. उर्दू उजवीकडून सुरू होते आणि नस्तालिक वळणाला उभी जागा भरपूर लागते. सुरुवात करणाऱ्यांना मी बलू हे फाँटचं कुटुंब देते. मुंबईच्या "एक टाइप" या गटाने ते एकाच स्वभावाचं अनेक लिप्यांत केलं आहे: कन्नडला बलू तम्मा, तेलुगूला बलू तम्मुडू, उर्दूला बलू भाईजान. चारही भाषा एका आवाजात बोलतात असं वाटतं.

एक नियम मात्र पक्का. ज्या भाषेत छापायचं, ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाने वाचल्याशिवाय फाइल प्रेसला जात नाही. यंत्राने केलेलं भाषांतर "बरोबर वाटतंय" म्हणून सोडायचं नाही. वर्गातल्या मैत्रिणीच्या आईला फोन लावा, त्या आनंदाने वाचतात आणि कधी कधी आपल्याला सुचला नसता असा शब्द देतात.

विद्यापीठाचं नाव फार लांब आहे. लहान जागेत कसं बसवायचं?

सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं आणि २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव त्याला मिळालं. "पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, सोलापूर" हे पेनवर, बिल्ल्यावर, थंबनेलवर बसवणं हा चांगला सराव आहे. ओळ तोडायचीच असेल तर "होळकर" नंतर तोडा. "अहिल्यादेवी" आणि "होळकर" वेगळ्या ओळींत टाकू नका. नाव आणि आडनाव एकत्र राहिलं तर वाचणाऱ्याची जीभ अडखळत नाही. जिथे पूर्ण नाव वाचता येईल इतकं मोठं बसतच नाही, तिथे विद्यापीठाची मुद्रा (लोगो) ठेवा आणि नाव शेजारी दुसरीकडे द्या. चष्मा लावूनही न दिसणारी ओळ छापण्यात नावाचा मान राहत नाही.

"जरा भारी करा", "उठावदार करा", "लोगो मोठा करा" अशा सूचना येतात. त्यांचं काय करायचं?

सूचना देणारा माणूस डिझायनर नसतो, पण त्याला काहीतरी खटकलेलं असतं हे खरं असतं. त्याने सुचवलेला उपाय सोडा, खटकलं काय ते शोधा. "सर, बघणाऱ्याला सगळ्यात आधी काय दिसायला हवं?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा "भारी करा" म्हणजे "कार्यक्रमाचं नाव लांबून दिसत नाही" असं निघतं. लोगो मोठा करायची मागणीही पुष्कळदा लोगोभोवती मोकळी जागा सोडल्यावर मिटते.

मान्यवरांची नावं हा वेगळा विषय आहे. मा. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, प्रमुख पाहुणे यांचा क्रम राजशिष्टाचाराने ठरतो आणि तो डिझायनरने बदलायचा नसतो. नव्या मुलांना याचा राग येतो. मला तो योग्य वाटत नाही. बोलावलेल्या माणसाचा मान राखणं ही आपली रीत आहे आणि ती मजकुराचाच भाग आहे. पण त्या मानासाठी विषय मागे पडता कामा नये. मी दोन वेगळी कामं करून घेते: निमंत्रणपत्रिकेत सगळी नावं क्रमाने आणि ऐसपैस, पोस्टरवर विषय, वक्ता, तारीख, वेळ, जागा. हे समजावून सांगितलं तर वरिष्ठ ऐकतात. समजावून सांगायचं कामही विद्यार्थ्यानेच करायचं, मी फक्त शेजारी बसते.

छपाईचं शिकायला मिळतं का?

हो, आणि त्यासाठी प्रेसमध्ये जावं लागतं. स्क्रीनवरचा झगझगीत निळा शाईत उतरत नाही हे ऐकून पटत नाही. ऑफसेटच्या मशीनवर चार प्लेटी एकावर एक छापल्या जाताना बघितलं की कायमचं पटतं.

तिथे शिकायच्या मोजक्या गोष्टी सांगते. फोटो छपाईच्या आकारात ३०० डीपीआयचे (एका इंचात ३०० ठिपके) हवेत. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) सोडायचा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ येते. आणि काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवायचा. संगणकातला काळा नकळत चार शाईंचा होतो. छापताना एखादी प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना लाल-निळी कड येते आणि वेलांट्या भरून जातात. हे भिंगातून एकदा दाखवलं की मूल पुन्हा विसरत नाही. प्रेसवाल्या काकांना प्रश्न विचारा, पण मशीन चालू असताना नको.

मोठ्या बोर्डाचं गणित निराळं. ज्याला आपण "डिजिटल" म्हणतो त्या फ्लेक्सकडे लोक लांबून बघतात, म्हणून तिथे कमी डीपीआय चालतो, पण शब्द कमी लागतात. गाडीवरून जाणाऱ्याला सात ओळी वाचायला वेळ नसतो. माझं स्पष्ट मत आहे की विद्यापीठाने फ्लेक्स जमेल तेवढा टाळावा. तो पीव्हीसीचा असतो, कुजत नाही, कार्यक्रम संपला की गटारात अडकतो. चादरी आणि टॉवेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात कापडाचा फलक करायला काय हरकत आहे? कापडावर स्क्रीन प्रिंटिंगने दोन रंगांत काम करायचं म्हटलं की विचारही नेमका होतो.

परवानगीशिवाय भिंतींवर, खांबांवर पोस्टर चिकटवायचं नाही. मालमत्तेचं विद्रूपण रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे.

चूक छापली गेली तर?

ती दुरुस्त करायची, आणि ज्यांचं नाव चुकलं त्यांना स्वतः जाऊन सांगायचं. चूक होऊ नये म्हणून तीन सवयी: मजकूर मोठ्याने वाचणं, तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळवून बघणं, आणि ज्याने काम केलेलं नाही अशा माणसाकडून वाचून घेणं. नावांतले ऱ्हस्व-दीर्घ त्या व्यक्तीलाच विचारायचे.

एआयने चित्र करून दिलं तर चालेल का?

कच्ची कल्पना सुचायला, रंगसंगती ताडून बघायला वापरा, आणि वापरलं हे सांगा. ऐतिहासिक व्यक्तींचं चित्र करायला मी परवानगी देत नाही. अहिल्यादेवींच्या हातातली शिवपिंड, डोक्यावरचा पदर, अंगावरचे साधे कपडे यांना लोकांच्या मनात जागा आहे. यंत्र भलताच राजवाडा आणि भलतेच दागिने चढवून देतं. शिवाय चित्रातली मराठी अक्षरं पुष्कळदा नुसती मराठीसारखी दिसतात, वाचायला गेलं तर शब्दच नसतो. आणि विद्यापीठाच्या आवाराचं खोटं चित्र कशाला? कॅमेरा घ्या, केगावला आवारात जा आणि फोटो काढा. सकाळी आठच्या आधी गेलात तर उजेड चांगला मिळतो.

पैसे मिळतात का? श्रेयांक?

श्रेयांकांचं तुमच्या विभागप्रमुखांकडून आधीच लेखी ठरवून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. तास, नोंदवही आणि अहवाल त्या त्या अभ्यासक्रमाप्रमाणे लागतात. मानधन असेल तर तेही काम सुरू होण्याआधी बोलून घ्या, लाजू नका.

माझं म्हणणं एवढंच: ज्या कामातून विद्यार्थी नवं शिकतो ते शिकणं, आणि जे काम येतंच म्हणून त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं ती मजुरी. पहिलं प्रमाणपत्र तयार करताना मांडणी शिकता येते. त्यानंतर दोनशे प्रमाणपत्रांवर नावं टाकत बसणं हे शिक्षण नव्हे, त्याचे पैसे दिले गेले पाहिजेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कमवा आणि शिका या विचारात दोन शब्द आहेत आणि दोन्ही पाळायचे असतात. मुलांना "अनुभव मिळतोय ना" असं सांगून फुकट राबवणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. तसं इथे होताना दिसलं तर मला येऊन सांगा.

मी केलेलं काम कुणाचं? पोर्टफोलिओत दाखवता येईल का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा असतो. विद्यार्थी नोकर असतोच असं नाही, म्हणून हे सुरुवातीलाच कागदावर घ्यावं: काम विद्यापीठाने वापरायचं, विद्यार्थ्याने पोर्टफोलिओत दाखवायचं. कर्ता म्हणून तुमचं नाव हा तुमचा हक्क आहे आणि तो कायद्यानेही मानला आहे. आमच्या पुस्तिकांत शेवटच्या पानावर विद्यार्थ्यांची नावं छापतो.

पोर्टफोलिओत फक्त पूर्ण झालेलं पोस्टर ठेवू नका. पेन्सिलीची चौकट, बाद झालेला पर्याय आणि तो का बाद झाला हे दोन ओळींत लिहा. एनआयडी, आयआयटीचं डिझाइन, बीएफए कुठेही गेलात तरी समोरचा हेच विचारतो. आणि गूगलवरून उचललेला फोटो नको. तो कुणीतरी काढलेला असतो.

सोलापुरात राहून डिझाइनचं काय बघायचं? चांगलं सगळं पुण्या-मुंबईला असतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो.

आधी एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात जा. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणली जाते. नक्षीकार ग्राफच्या कागदावर चौकट चौकट रंगवून मोर किंवा फूल बसवतो. पूर्वी त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत, काही ठिकाणी अजूनही पाडतात. भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. म्हणजे मोराच्या मानेचं वळण त्या माणसाने पायऱ्यापायऱ्यांनी, चौकटींतून काढलेलं असतं. एक चौकट जास्त भरली तर मान जाड दिसते. तुम्ही स्क्रीनवर लहान चिन्ह काढताना पिक्सेलशी झगडता, तेच हे लोक पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. एका जुन्या नक्षीकारासमोर बसून ग्राफवर नुसतं एक पान काढून बघा. हात थरथरेल आणि खूप काही कळेल.

मग जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. यात्रेत सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीला पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर असतात. खाली सगळं पांढरं आणि वर सजवलेले उंच ध्वज. रंग जपून वापरला की किती लांबून दिसतो, हे एवढ्या मोठ्या आकारात दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

नवी पेठेत, बाळीवेशीत, पूर्व भागात दुकानांच्या पाट्या बघत पायी फिरा. ब्रशने रंगवलेली पाटी दिसली तर फोटो काढा आणि जमल्यास रंगवणाऱ्याचा ठावठिकाणा विचारा. ते ब्रशची दिशा कशी धरतात, "स" ची गाठ कुठून सुरू करतात हे ते दाखवतात. भुईकोटाच्या तटावर कधीतरी स्केचबुक घेऊन बसा. नान्नजच्या माळरानावर गेलात तर गवताचे तपकिरी रंग मोजा. आमच्या एका पर्यावरण पुस्तिकेची रंगसंगती विद्यार्थ्यांनी तिथूनच आणली होती.

घरच्यांचा प्रश्न: यात पुढे नोकरी आहे का?

छापखाने, जाहिरात संस्था, वर्तमानपत्रं, शाळा-कॉलेजं, दवाखाने, ऑनलाइन विक्री करणारे उद्योग, सगळ्यांना हे काम लागतं. मराठी नीट जुळवता येणारे डिझायनर कमी आहेत, त्यामुळे ते शिकलेल्याला काम मिळतं. पुढे शिकायचं असेल तर बीएफएसाठी राज्याची सीईटी आहे, एम.डेस.साठी सीईईडी ही प्रवेश परीक्षा आहे. पदवी मात्र अर्धवट सोडू देऊ नका.

संध्याकाळी उशीर होतो का? मुली गावाहून येतात.

शेवटच्या सोयीच्या एसटीआधी काम थांबतं. कार्यक्रमाच्या दिवसांत थांबायचं असेल तर घरी फोन करून, आणि जाण्याची सोय करूनच.

यायचं असेल तर काय आणायचं?

एक कोरी वही आणि पेन्सिल. पूर्वी केलेलं काही असेल तर ते, मग ती गल्लीतल्या गणेश मंडळाची पावती असली तरी चालेल. आणि सोलापुरात फिरताना तुम्हाला पटकन वाचता न आलेल्या एका पाटीचा फोटो. ती का वाचता आली नाही, यावर पहिल्या दिवशी बोलू, आणि मग तीच पाटी तुम्ही पुन्हा मांडायची.